पट्टी आधी कळवा

दुपारी सव्वातीनला मोबाइल किणकिणला. 'सर, आज जमचें ना. सॉरी.' खाली जोडलेले दोन हात. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या देवळात त्या दिवशी उत्सवातली गाण्याची बैठक होती. सभामंडपात जाजम पसरून झालं होतं, साउंडवाल्याची वायर अर्ध्या खांबापर्यंत पोचली होती आणि साडेसातला ज्यानं गायचं तो मुलगा चार तास आधी हात जोडून मोकळा झाला होता. मुलगा संगीतात पदव्युत्तर शिक्षण घेणारा. नंतर कळलं, कळंगुटच्या एका हॉटेलात लग्नाचं रिसेप्शन होतं, तिथला गायक आयत्या वेळी आजारी पडला आणि याला बोलावणं आलं. पैसे आमच्या चौपट.

हा मुलगा उद्धट असता तर संगीताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक वर्तनावर हा लेख लिहायची गरजच पडली नसती. पण तो गुणी आहे. पाय शिवल्याशिवाय समोर बसत नाही, गुरूचं नाव घेताना हात आपसूक कानाकडे जातो, ज्येष्ठांसमोर मान वर करून बोलत नाही. त्याच्या वागण्याबद्दल त्याच्या विभागातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, शंभरपैकी पंचाण्णव गुण देतील. त्या रात्री आमची लाज गावातल्याच एका भजनी बुवांनी राखली. शेतातून येऊन, आंघोळ करून, अर्ध्या तासात पखवाजवाल्याला घेऊन हजर झाले आणि अकरापर्यंत गायले. त्यांच्याकडे संगीतातली पदवी नाही.

आता दुसरी गोष्ट, त्याच्या दोनेक महिने आधीची. तालुक्याच्या गावी एका मान्यवर गायकांची मैफल होती, मी पेटीवर होतो. मागे तंबोऱ्यावर त्यांची एक विद्यार्थिनी, सत्तरी तालुक्यातल्या गावची. चार वाजल्यापासून दोन्ही तंबोरे ती एकटी लावत होती. विंगेत एसी, रंगमंचावर दिव्यांची धग, त्यामुळे जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झंकार, सारखी बिघडायची. ती पुन्हा पुन्हा तारेखालचा दोरा सरकवायची, कान लावायची, पुन्हा सरकवायची. मैफल अडीच तास चालली. मध्ये दोनदा गुरुजींनी मागे पाहिलं तेव्हा तिनं स्वर भरला, आणि चांगला भरला. निवेदिकेनं शेवटी तबल्याचं नाव घेतलं, पेटीचं घेतलं, टाळ वाजवणाऱ्याचंही घेतलं. हिचं राहिलं. आत ग्रीनरूममध्ये पाकिटं वाटली गेली. तंबोऱ्याचं पाकीट नव्हतंच. बाहेर आलो तर ही गेटपाशी उभी, वाळपईची शेवटची बस गेलेली. मी तिला साखळीपर्यंत सोडलं, पुढे तिचे वडील स्कूटर घेऊन आले. गाडीत ती गुरुजींच्या बागेश्रीबद्दलच बोलत होती. पैशांचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही, आणि माझं पाकीट माझ्या खिशात होतं.

पहिल्या प्रसंगात चूक विद्यार्थ्याची आणि दुसऱ्यात आम्हा मोठ्यांची, असं म्हणून हिशेब मिटवता येईल. मला तसं वाटत नाही. दोघंही एकाच शिकवणुकीतून आले आहेत. त्या शिकवणुकीत वाकायचं कसं ते शिकवतात. दिलेला शब्द कसा पाळायचा आणि दुसऱ्यानं दिलेला शब्द कसा मागून घ्यायचा, हे त्या पाठात नसतं. मुलगा वाकायला शिकला आणि तारीख पाळायला शिकला नाही. मुलगी वाकायला शिकली आणि विचारायला शिकली नाही. संगीताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून कोणत्या व्यावसायिक वर्तनाची अपेक्षा धरायची, या प्रश्नावर माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आज्ञाधारकपणालाच वर्तन समजून बसलो आहोत आणि त्यामुळे वर्तन शिकवायचं राहूनच गेलं आहे.

वर्तन म्हणजे काय याचं माझं उदाहरण अगदी साधं आहे. एका विद्यार्थ्याच्या सादरीकरणाला पेडण्याहून तबलजी आला होता. मागच्या वर्षी हा मुलगा काळी एक या पट्टीत, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी 'सा' धरून, गायचा, म्हणून तबलजीनं काळी एकचा तबला आणला. मधल्या काळात गुरूंनी मुलाची पट्टी काळी दोन केली होती. गुरूंना माहीत, मुलाला माहीत, तबलजीला कळवलं कुणी? मग तबल्याचे लाकडी गट्टे आणि पुडीच्या कडेचा गजरा ठोकून ठोकून तबला एक सूर वर ओढला. पुडी फाटते की काय या भीतीनं तो बिचारा थाप मारताना हात आखडता घेत होता, आणि दर दहा मिनिटांनी तबला उतरत होता. ख्याल कसा झाला असेल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी त्या विभागात त्या सादरीकरणावर चर्चा झाली. रागविस्तारावर झाली, लयीवर झाली, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या मुलानं जीन्स घातली होती यावर सर्वांत जास्त झाली. पट्टी न कळवल्याबद्दल एक शब्द नाही. एका फोनचं काम होतं.

पट्टी आधी कळवणं, वेळेवर येणं, घेतलेली तारीख जास्त पैशांसाठी न मोडणं, मोडावीच लागली तर दुसरा गायक शोधून देणं, साथीदारांना किती मिळणार ते आधी ठरवणं, रीलवर त्यांची नावं टाकणं. यातलं काहीही सुरात राहण्यापेक्षा कठीण नाही. रीलचं तर मला नवलच वाटतं. तीस सेकंदांच्या तुकड्यात वीस सेकंद तबल्याची उठान असते आणि खाली नाव फक्त गायकाचं, शिवाय ज्यानं झब्बा शिवला त्या बुटिकचं.

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात, 'हे सगळं ऑफिसचं झालं हो, आपली गुरुशिष्य परंपरा आहे, तिथे कागद-सह्या चालत नाहीत.' गोव्यात बसून हे म्हणणं तर फारच धाडसाचं आहे. या भूमीनं ज्या बायकांच्या गाण्यावर आज अभिमान मिरवायचा ठरवलं आहे, त्यांच्या आज्या-पणज्या देवळांत गायच्या तेव्हा त्याला सेवा म्हणत. महाजन, म्हणजे देवळाचे कारभारी, बसले की गायचं, उठा म्हटलं की उठायचं. नाही म्हणायची सोय त्या सेवेत नव्हती. कलावंत घराण्यांतल्या बायकांनी आणि त्यांच्या समाजानं त्या सेवेतून बाहेर पडण्यासाठी पिढ्या घालवल्या. आणि बाहेर पडलेल्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर आपल्या अटी सांगितल्या.

केरीच्या केसरबाई केरकर पाहा. 1892 चा जन्म. 1921 पासून जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षांची तालीम, ती इतकी कडक की आजच्या विद्यार्थ्याला ऐकूनच घाम फुटेल. म्हणजे गुरूपुढे वाकणं त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण कुठे गायचं, कुणासमोर गायचं, कितीत गायचं हे त्या ठरवत. ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या, आणि शिष्या म्हणावी अशी एकच, धोंडूताई कुलकर्णी. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांचा स्वभाव वेगळा, सोसण्याचा. अल्लादियाखाँसाहेब, त्यांचे बंधू हैदरखाँ यांची तालीम त्यांनी किती खस्ता खाऊन मिळवली हे संगीतातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मुलगी किशोरी, म्हणजे पुढच्या किशोरी आमोणकर, लहान वयात आईबरोबर तंबोऱ्यावर बसायला जायची. प्रवासाची, उतरायची, मानधनाची आईच्या वाट्याला आलेली हेळसांड तिनं त्या तंबोऱ्यामागून पाहिली. पुढे किशोरीताईंनी मुलाखतींतून ते बोलून दाखवलं आणि आयोजकांकडून काय हवं ते ठणकावून मागितलं. लोकांनी त्याला नखरे म्हटलं. माझ्या मते ती आईच्या वतीनं केलेली थकबाकीची वसुली होती.

(जाता जाता: आजचे काही विद्यार्थी किशोरीताईंचं फक्त रागावणं उचलतात. मॉनिटरमधून आवाज नीट येत नाही म्हणून मैफलीत थांबणारी एक मुलगी मी पाहिली. तंबोरे मात्र तिनं स्वतः लावले नव्हते, मोबाइलवरच्या ॲपवर गात होती. राग किशोरीताईंचा आणि रियाज स्वतःचा, हे मिश्रण पचत नाही.)

गोव्यात याच मातीतली दुसरीही एक परंपरा आहे आणि आपल्या हिंदुस्तानी संगीतवाल्यांच्या बोलण्यात ती येत नाही, याचं मला वाईट वाटतं. चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडे, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकाकडे, सोल्फेजो (कागदावरचे स्वर वाचून गायचा पाश्चात्त्य अभ्यास) घोकून, व्हायोलिन-ट्रम्पेट शिकून मुंबईला गेलेली आमची सासष्टी-बार्देशची माणसं. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातली गाणी ज्यांनी वाजवली आणि ज्यांनी त्यांचं वाद्यवृंदलेखन केलं ती ही मंडळी. आल्दोनाचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचे सेबेस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. यांच्या जगात शिफ्ट होती. अमुक वाजता स्टुडिओत यायचं, समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवायचा, आपलं वाद्य आधीच सुरात आणायचं, शिफ्टचे पैसे ठरलेले. शेजारच्या व्हायोलिनवाल्याशी भांडण असलं तरी गज मात्र त्याच्याबरोबर एकाच दिशेला फिरायला हवा. त्यांचं नाव गाण्यांच्या पाट्यांवर क्वचितच झळकलं, हा अन्याय झालाच. पण वेळेचा, तयारीचा आणि मोबदल्याचा जो शिस्तीचा संस्कार त्यांच्याकडे होता तो गंडाबंधनाच्या, म्हणजे धागा बांधून शिष्य करून घेण्याच्या, विरुद्ध नव्हता. प्यारेलाल त्यांना गुरू मानतच होते की.

मग आपल्या संगीत विभागांत एकच परंपरा आठवायची आणि दुसरी विसरायची, हे कशासाठी? याचं एक उत्तर मला दिसतं. पहिल्या परंपरेचा जो भाग आपण उचलला आहे तो शिक्षकांना सोयीचा आहे. अधिकार सगळा वरच्याकडे आणि जबाबदारी सगळी खालच्याकडे. जुन्या गुरूंच्या बाबतीत निदान तसं नव्हतं. ते शिष्याला घरात ठेवत, खाऊ-पिऊ घालत, स्वतःच्या मैफलीत पुढे बसवत. आजचा प्राध्यापक सरकारी पगार घेतो, विद्यार्थी विद्यापीठाची फी भरतो, आणि तरीही दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींच्या घरी माळा चढून सामान काढायला बोलावलं तर जावं लागतं. हे सगळीकडे होतं असं मी म्हणत नाही. जिथे होतं तिथे कुणी बोलत नाही, एवढं मला माहीत आहे.

न बोलण्याची किंमत किती मोठी असते हे 2020 साली देशानं पाहिलं. एका नामांकित गुरुकुलातल्या विद्यार्थिनींनी गुरूंवर लैंगिक छळाचे आरोप केले तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला. आतल्या अनेकांना बसला नव्हता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे, 2013 चा. विद्यापीठ अनुदान आयोगाची उच्चशिक्षण संस्थांसाठीची वेगळी नियमावली आहे, 2015 ची. तीत विद्यार्थिनींच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची केली आहे. पण गाणं शिकवण्याची पद्धतच अशी की बंद खोलीत दोघंच, रात्रीचे प्रवास, परगावच्या मैफली, आणि शिष्याची संपूर्ण कारकीर्द एका माणसाच्या मर्जीवर. अशा वेळी 'विद्यार्थ्यांनी गुरुजनांशी आदरानं वागावं' एवढंच वाक्य असलेली आचारसंहिता भिंतीवर लावणं हे निव्वळ बेजबाबदारपणाचं आहे. तिच्या शेजारी दुसरं वाक्य हवं: शिक्षकानं विद्यार्थ्याकडून काय मागायचं नाही. परगावी नेलं तर मुक्कामाची सोय कुठे, सोबत कोण, परत कधी, हे घरी आणि विभागात लेखी कळवलेलं असावं. दुसऱ्या गुरूकडे जायचं झालं तर परीक्षेचे गुण कमी होणार नाहीत, याची हमी असावी.

गुणांवरून आठवलं. बारा तालुक्यांचं राज्य, 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख माणसं. इथे स्पर्धेचा परीक्षक हा कुणाचा तरी गुरुबंधू, कुणाचा तरी मामा, कुणाच्या तरी भजनी मंडळातला पेटीवाला निघणारच. मीही एकदा असा निघालो होतो आणि खुर्ची सोडायला हवी होती, सोडली नाही. मुलगा पहिला आला. खरंच चांगला गायला होता, पण ते आता कुणाला पटवणार?

पैशांबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण आपल्याकडे तेच सर्वांत अवघड जातं. देऊळ शाल-नारळ आणि पाकीट देतं, पाकिटात काय आहे ते घरी गेल्यावर कळतं. हॉटेलवाला आधी आकडा सांगतो. मुलगा हॉटेलकडे गेला याचा मला राग आहे, पण आकडा आधी कळण्याचं आकर्षण मला समजतं. त्याच्या वडिलांची सावर्ड्यात खाणीवरची नोकरी 2012 च्या खाणबंदीत गेली, घरात धाकटी बहीण शिकते आहे. त्यानं जास्त पैशांचं काम घ्यावंच. फक्त आमची तारीख घेण्यापूर्वी घ्यावं. उलट बाजूनं, पदवी मिळालेली पोरं 'एक्स्पोजर' म्हणून फुकट गातात तेव्हा त्यांना वाटतं आपण आपलंच नुकसान करतो आहोत. खरं नुकसान होतं ते मागे बसलेल्या तबलजीचं, ज्याला त्याच हॉलनं मागच्या वर्षी पैसे दिले होते आणि यंदा म्हणाले, 'गायकच फुकट गातोय, तुम्हीपण बघा ना.'

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर हेही विद्यार्थ्यांना माहीत असावं. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे, तो 50 वर्षं टिकतो, आणि 2012 च्या दुरुस्तीनं आपलं नाव त्याला जोडलं जावं असा नैतिक हक्कही दिला. म्हणजे तंबोऱ्यावर स्वर भरणारी ती मुलगी कायद्याच्या नजरेत अगदीच कुणी नाही असं नव्हे. तसंच गुरूंनी वर्गात सांगितलेली बंदिश मोबाइलवर घेऊन, विचारल्याशिवाय, रात्री बारा वाजता चॅनेलवर चढवणारा विद्यार्थीही नामानिराळा राहू शकत नाही. हे दोन्ही एकाच तासिकेत शिकवता येतील. एम.ए.च्या विद्यार्थ्याला घराण्यांचा इतिहास चाळीस पानं लिहिता येतो. स्वतःच्या मैफलीचं चार ओळींचं पत्र लिहायला सांगा, गडबडतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात इंटर्नशिपला जागा आहे. संगीताच्या विद्यार्थ्यांना ती कुठे करायला पाठवायचं, असा प्रश्न मला एका विभागप्रमुखांनी विचारला होता. मी म्हटलं, श्रावणात वास्कोच्या सप्ताहाला पाठवा. श्री दामोदराच्या दारी चोवीस तास अखंड भजन चालतं, एक पथक उठायच्या आत दुसरं बसलेलं असतं, टाळ क्षणभरही थांबत नाही. कुणी कधी यायचं, कुणी कुणाच्या हातून टाळ घ्यायचे, पेटी कुणी सोडायची, हे सगळं ठरलेलं असतं आणि पाळलं जातं. आणि पाळणारी माणसं रंगारी आहेत, शेतकरी आहेत, बँकेतले कारकून आहेत. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

यंदाच्या उत्सवासाठी मी आमच्या समितीकडून गायकांना पाठवायचं एक पत्र तयार केलं. एकच पान. किती वाजता यायचं, किती वेळ गायचं, पट्टी कोणती ते आठ दिवस आधी कळवायचं, येणं रद्द करायचं झालं तर किती दिवस आधी, प्रत्येक कलाकाराचं मानधन किती, रात्री घरी सोडायची गाडी कुणाची आणि तिचा नंबर. बैठकीत खजिनदारांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, 'तंबोऱ्यालापण वेगळं पाकीट? दोन-दोन?' आमच्या आजोबांच्या काळापासून तंबोऱ्याला कधी दिलं नाही, असंही कुणी म्हणालं. वाद झाला, चहा झाला, पुन्हा वाद झाला. शेवटी दोन पाकिटं मंजूर झाली, रक्कम मी सुचवली त्याच्या निम्मी. गाडीचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

तो कळंगुटवाला मुलगा गेल्या आठवड्यात भेटला. पाया पडला. यंदा बोलवा म्हणाला. मी त्याला पत्र दिलं आणि खाली सही कुठे करायची ते दाखवलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, 'सर, हें इतलें बरोवपाची गरज आसा?' (इतकं लिहायची गरज आहे?) मी म्हटलं, आहे. आणि पट्टी काळी एक की दोन, तेही लिही.